एअर लॉकरला हवा द्यायची कशी?

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला डिफरन्शियल लॉक समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या टाचेखाली पेडल असतं. काळ्या रानात एक चाक जागेवरच गरगर फिरायला लागलं की पेडल दाबायचं, दोन्ही मागची चाकं एकसाथ फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. मुरूम वाहणाऱ्या अनेक टिपरमध्येही लॉक असतो. फरक इतकाच की तो पायाने नाही, ब्रेकच्या टाकीतल्या हवेने लागतो. जिप्सी, जुनी थार किंवा एमएम ५४० मध्ये आपण जो एअर लॉकर बसवतो, तो याच टिपरच्या जातीचा. अडचण एवढीच की आपल्या गाडीत एअर ब्रेक नाही, म्हणजे हवेची टाकी नाही आणि कंप्रेसरही नाही. ती सगळी सोय आपल्याला उभी करावी लागते, आणि लॉकरच्या बहुतेक तक्रारी लॉकरच्या नसतात, या सोयीच्या असतात.

आधी लॉकर करतो काय ते पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण हे करताना तो दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतो. ओल्या गाऱ्यातलं चाक निसटण्याआधी समजा १०० न्यूटन-मीटर जोर पेलतंय, तर कोरड्या दगडावरच्या दुसऱ्या चाकालाही जवळपास तेवढाच मिळतो. इंजिनात ताकद कितीही असो, सगळ्यात कमी पकड असलेलं चाक ती ठरवतं. एखादं चाक हवेत लटकलं तर पकड शून्यावर, आणि दुसऱ्या चाकाचा जोरही शून्याच्या आसपास.

एअर लॉकरमध्ये डिफरन्शियलच्या आत एक छोटा पिस्टन असतो. त्याच्यामागे हवा सोडली की तो दातेरी चकती सरकवतो, एका बाजूचा साइड गिअर, म्हणजे चाकाच्या दांड्याला फिरवणारा गिअर, डिफरन्शियलच्या केसला म्हणजे बाहेरच्या कवचाला जखडला जातो आणि दोन्ही चाकं एकाच तुकड्यासारखी फिरतात. हवा काढली की स्प्रिंग चकतीला परत ढकलते. मेलबर्नमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या एआरबी कंपनीने १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ लॉकचा व्यवसाय विकत घेतला आणि त्यातून आज जगभर दिसणारा एअर लॉकर घडला. फिरत्या डिफरन्शियलमध्ये हवा पोचवायची म्हणजे एक बाजू स्थिर आणि एक फिरती. हा सांधा बेअरिंगजवळच्या सील हाउसिंगमध्ये असतो, आणि तिथे हवा अडवायला ओ-रिंग असतात. रबराच्या या बारीक कड्या लक्षात ठेवा. पुढे जे काही जपायला सांगणार आहे, ते बरंचसं त्यांच्यासाठीच.

हवा थोडी, पण दाब पक्का

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: कंप्रेसर केवढा घ्यायचा? त्याआधी लॉकरला हवा लागते किती याचा हिशेब करू.

कंप्रेसरपासून मागच्या एक्सलपर्यंत पाच मीटर पाइप धरा. बाहेरून ६ मिलिमीटर आणि आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला साडेबारा सीसी जागा असते, म्हणजे पाच मीटरला साधारण ६३ सीसी. पिस्टनमागची पोकळी लहान असते. ती तेवढीच धरली तरी सगळं मिळून १२५ सीसी. यात ९० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच एकक) दाब आणायचा. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, म्हणजे सहापटीपेक्षा थोडी जास्त हवा आत कोंबावी लागेल. उत्तर येतं पाऊण लिटर. लॉकर एकदा लावायला फक्त पाऊण लिटर हवा!

आता टायर बघा. ऑफ-रोड गाडीच्या टायरची पोकळी ६० लिटर धरली आणि हवा १८ वरून ३२ वर न्यायची म्हटली, तर एका टायरला ५७ लिटर हवा लागते. चार टायरना सव्वादोनशेच्या पुढे. एक टायर भरायच्या हवेत लॉकर पंचाहत्तर वेळा लागेल.

हा हिशेब एकदा डोक्यात बसला की अर्धे प्रश्न मिटतात. मोठा कंप्रेसर आणि मोठी टाकी टायरसाठी लागते, लॉकरसाठी नाही. लॉकरला हवी असते ती थोडी हवा, पण ठरलेल्या दाबाची, स्वच्छ आणि गळती नसलेली. दाब कमी पडला तर चकतीचे दात अर्धवट अडकतात. अर्धवट अडकलेल्या दातांवर इंजिनाचा पूर्ण जोर आला की ते झिजतात, वेळप्रसंगी तुटतातही. म्हणून दाबाच्या बाबतीत ‘चालतंय की’ असं म्हणून भागत नाही.

एअर लॉकरसाठी सर्वसाधारणपणे ८५ ते १०५ पीएसआय ही पट्टी धरतात. तुमच्या लॉकरसोबत आलेल्या कागदावर किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो, तोच अंतिम. आता बाजारातले बरेच कंप्रेसर १५० पीएसआयला बंद होतात, कारण टायर पटकन भरायला जास्त दाब सोयीचा. ती हवा टाकीत साठवून तशीच लॉकरला दिली तर ओ-रिंगवर नको तेवढा ताण येतो. कागदावरची कमाल मर्यादा कंप्रेसरच्या दाबापेक्षा कमी असेल तर मध्ये दाब ठरल्या आकड्यापर्यंत उतरवणारा रेग्युलेटर बसवा आणि शेजारी छोटा गेज लावा.

कंप्रेसर कुठला आणि कुठे

लायटरच्या सॉकेटला लावायचा स्वस्त पंप या कामाचा नाही. त्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो. शिवाय अशा पंपात लॉकरच्या लाइनमधला दाब पाहून आपोआप चालू-बंद होण्याची सोय नसते. लॉकरसाठी कंप्रेसर घ्यायचा तो प्रेशर स्विचवाला: दाब एका मर्यादेखाली गेला की चालू, ठरल्या दाबाला बंद.

एसी कंप्रेसर काढून त्याचा हवेचा पंप करणारे हौशी लोक आहेत. त्यातून हवा भरपूर मिळते, पण तो कंप्रेसर आपल्या तेलावर चालतो आणि हवेबरोबर तेलाचा फवारा पुढे जातो. मध्ये चांगला ऑइल सेपरेटर नसेल तर व्हॉल्व्ह चिकट होतो. कार्बन डायऑक्साइडची बाटली हाही एक मार्ग थंड हवेच्या देशांत लोक वापरतात, आणि लॉकरला हवा इतकी कमी लागते की एक बाटली खूप दिवस पुरेल. मराठवाड्यात मात्र मी कुणालाही ती सुचवणार नाही. बाटलीतला द्रव कार्बन डायऑक्साइड २० अंशांना ५७ बारच्या आसपास दाब देतो. ३१ अंशांच्या वर तो द्रव म्हणून राहतच नाही, आणि भरलेल्या बाटलीतला दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. मे महिन्यात परभणीत बाहेर ४३ अंश असताना काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय तापमान होतं, हे वेगळं सांगायला नको.

कंप्रेसर बॉनेटखाली बसवला की वायरिंग आखूड होते, म्हणून मेकॅनिक ती जागा पसंत करतो. पण हवा दाबली की ती आपोआप तापते. कंप्रेसरचं डोकं हाताला चटका बसेल इतकं गरम होतं. त्यात इंजिनाची धग आणि आपला उन्हाळा. मला सीटखालची किंवा मागच्या डिकीतली जागा जास्त पटते. तिथे धूळ आणि पाणी कमी, उष्णता कमी. आवाज येतो, तो सहन करावा. कंप्रेसरच्या लेबलवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते. ५० टक्के म्हणजे जितकी मिनिटं चालला तितकीच मिनिटं विश्रांती. लॉकरपुरतं वापरलं तर ही मर्यादा कधी गाठलीच जात नाही; चारही टायर सलग भरायला घेतले की गाठली जाते.

कंप्रेसर हवा ओढतो त्या तोंडाला फिल्टर असतो. पाणंद रस्त्यावरून चार गाड्या मागेपुढे चालल्या की मधल्या गाडीच्या फिल्टरचं काय होतं ते पाहण्यासारखं असतं: पिवळट स्पंज तपकिरी होऊन कडक झालेला. तो गाडीच्या आतल्या कोरड्या जागी पाइप टाकून नेता आला तर उत्तम. नाहीतर उन्हाळ्यात दर फेरीनंतर काढून झटकायचा.

वायर

१२ व्होल्टचा बरा कंप्रेसर २० ते ३० अँपिअर ओढतो. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला तर बटण वितळेल, म्हणून मध्ये रिले, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज, कारण पुढची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग तिथूनच पेटते.

वायरच्या जाडीत लोक पैसे वाचवतात. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन सहा मीटर, आणि २५ अँपिअर करंट घ्या. वायरमध्येच एक व्होल्टपेक्षा थोडा जास्त दाब मरतो. ठिबकच्या लांब नळीच्या शेवटच्या ड्रिपरला पाणी कसं कमी पडतं, तसंच हे. तीच वायर सहा चौरसची घेतली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. कमी व्होल्टेजवर मोटर हळू फिरते, जास्त तापते आणि नेमकी गाडी अडकलेली असताना सुरू व्हायला कुरकुर करते. अर्थिंगही रंगावर स्क्रू मारून करू नका. रंग खरवडून, खाली चकाकता पत्रा दिसल्यावर बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

व्हॉल्व्ह तीन तोंडांचाच

दुकानात सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह, मागितला की काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा दोन तोंडांचा काढून देतो: एक तोंड आत, एक बाहेर. पाण्याच्या लाइनला तो ठीक आहे. लॉकरला लावला तर लॉक लागेल, पण सुटणार नाही. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाइपमधली आणि पिस्टनमागची हवा अडकून राहते, तिला बाहेर जायला वाटच नसते. तुम्ही बटण बंद करून डांबरी रस्त्यावर आलात, आणि मागची दोन्ही चाकं अजून जखडलेलीच.

आपल्याला हवा ३/२ व्हॉल्व्ह, म्हणजे तीन तोंडं आणि दोन अवस्था. बटण चालू असताना कंप्रेसरकडची हवा लॉकरकडे जाते. बंद केलं की कंप्रेसरकडची वाट मिटते आणि लॉकरकडची हवा तिसऱ्या तोंडातून ‘फस्स’ करून बाहेर पडते. तो आवाज म्हणजे लॉक सुटायला मोकळा झाल्याची खूण. घेताना सांगा: ३/२, नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना कंप्रेसरकडची वाट बंद), १२ व्होल्ट डीसी. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांना माल देणाऱ्या न्यूमॅटिकच्या दुकानांत २४ व्होल्टचे आणि २३० व्होल्टचे व्हॉल्व्ह दिसायला अगदी तसेच असतात, म्हणून कॉइलवरचा आकडा वाचूनच घ्या. तिसऱ्या तोंडाला छोटा सायलेन्सर बसवला की धूळ आत जात नाही. पुढच्या आणि मागच्या लॉकरला वेगवेगळा व्हॉल्व्ह लागतो.

पाइप आणि फिटिंग

निळा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप दिसायला छान, वळतो छान, पण उष्णतेत लवकर मऊ पडतो. गाडीखाली नायलॉनचा पाइप घ्या; ट्रकच्या एअर ब्रेकचं सामान ठेवणाऱ्या दुकानात तो मिळतो. गाडीच्या धुराच्या सायलेन्सरजवळून काहीच नेऊ नका. दुसरी वाटच नसेल तर तेवढ्या टप्प्याला स्टीलची जाळी चढवलेला टेफ्लॉन होज लावा.

पाइप कापण्यावर बरंच काही अवलंबून असतं. पक्कडीने किंवा कात्रीने कापला की टोक चपटं आणि तिरकं होतं. पुश फिटिंगच्या आतली ओ-रिंग गोल आणि गुळगुळीत टोकावरच बसते. तिरक्या टोकाच्या एका बाजूने हवा झिरपत राहते. धारदार ब्लेडने किंवा पाइप कटरने काटकोनात कापा, बोट फिरवून कड लागते का बघा, पाइप फिटिंगमध्ये तळाला टेकेपर्यंत दाबा आणि मग उलटा ओढून पाहा. हलला नाही तर बसला.

आटे हा दुसरा घोळ. बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) ही आट्यांची दोन मापं; एक अष्टमांश बीएसपी आणि एक अष्टमांश एनपीटी हातात घेतले तर सारखेच वाटतात. पण बीएसपीला इंचाला २८ आटे, एनपीटीला २७. आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा ५५ अंश तर दुसऱ्याचा ६०. पहिले एक-दोन वेढे गोडीने जातात, मग अडतं. तिथे जोर लावला की पितळेची फिटिंग चिरते. हाताने तीन-चार वेढे सहज गेले नाहीत तर फिटिंग बदला. टेफ्लॉन टेप लावायची असेल तर टोकाचे दोन आटे मोकळे सोडा, कारण टेपची कातर सुटून व्हॉल्व्हच्या बारीक भोकात अडकते. आटे सील करायचं द्रव सीलंट मला जास्त भरवशाचं वाटतं.

एक्सल वरखाली होतो आणि बॉडी जागेवर असते, त्यामुळे मधल्या पाइपला ढील हवी. ब्रेकचा रबरी होज कंपनीने जिथून नेलाय, त्याच्याच बाजूने हा न्या. तिथे ढिलाईचा विचार आधीच झालेला असतो. मग चॅसिस जॅकवर उचलून चाकं पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि पाइप ताणतो का बघा. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढचाही तसाच तपासा.

टाकी घ्यायची की नाही? फक्त लॉकर असेल तर नको. टायरही भरायचे असतील तर चार लिटरची टाकी बरी. १५० वरून ९० पीएसआयपर्यंत उतरताना ती १६ लिटर हवा देते. टायरला ते काहीच नाही, पण लॉकर एकवीस वेळा लागेल, म्हणजे कंप्रेसर बिघडला तरी दिवस निघतो. टाकी घेतली तर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाला ड्रेन कॉक हवाच. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत जवळपास २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. चार टायर भरायला लागणाऱ्या हवेतलं पाणी दाबाखाली थंड झालं तर एक चहाचा चमचा भरतो. ते तळाला साचतं, टाकी आतून गंजते, आणि गंजाची भुकटी जाऊन बसते ओ-रिंगवर. गाडी घरी आली की कॉक उघडायचा, एवढी सवय लावा.

तपासणी

सगळं जोडल्यावर भांड्याचा साबण पाण्यात कालवून प्रत्येक सांध्यावर ब्रशने लावा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. बारीक गळतीला मिनिटभर थांबावं लागतं. मग फिटिंगच्या कडेला मोहरीएवढा पांढरा फेस हळूच फुगताना दिसतो. तोच महत्त्वाचा. लॉकर चालू ठेवून कंप्रेसरची वायर काढा, गेजवरचा आकडा लिहा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. काटा हलला असेल तर शोध सुरू. लॉकर बंद असतानाही दाब उतरत असेल तर गळती व्हॉल्व्हच्या आधी आहे. फक्त चालू असताना उतरत असेल तर व्हॉल्व्हच्या पुढे.

बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि तरी दाब जातोय, तर एक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड, बघा. तिथून हवा येत असेल तर आतली ओ-रिंग गेली. अशा वेळी एक्सलच्या हाउसिंगमध्ये हवा कोंडून ब्रीदरमधून गिअर ऑइल बाहेर फेकलं जातं. उलटंही होतं: बटण बंद केल्यावर व्हॉल्व्हच्या तिसऱ्या तोंडातून हवेसोबत तेलाचे थेंब येतात. दोन्ही खुणांना इलाज एकच, डिफरन्शियल उघडून सील बदलणं. गळतीवर मात म्हणून दाब वाढवू नका. हे काम चालू असताना ब्रीदरचा पाइप लांबवून बॉनेटपर्यंत वर न्या. तापलेला एक्सल फरशी पुलावरच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि खाली राहिलेला ब्रीदर पाणी ओढून घेतो.

बटणांची जोडणी अशी करा की कंप्रेसर चालू केल्याशिवाय मागचा लॉकर लागू नये, आणि मागचा लागल्याशिवाय पुढचा लागू नये. पुढचा लॉक लागला की स्टीअरिंग जड होतं, गाडी सरळच जाऊ पाहते. तो अगदी शेवटचा उपाय. आणि दोन्ही लॉक अडचणीत शिरण्याआधी, गाडी जवळपास थांबलेली असताना लावायचे. चाक जोरात फिरत असताना बटण दाबणं म्हणजे फिरत्या दातांमध्ये चकती खुपसणं. लॉक सुटत नसेल तर दात ताणाखाली असतात. गाडी थोडी मागेपुढे करा, स्टीअरिंग सरळ ठेवा, सुटतो.

बसवून घेण्याआधी विमा कंपनीला आणि आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये मनाई आहे.

शेवटी जमिनीचं. बालाघाटात किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेत खडकाळ चढावर एक चाक उचललं जातं, तिथे लॉकरचं मोल कळतं. ओल्या काळ्या मातीत गोष्ट वेगळी आहे. ती माती फुगते, टायरच्या नक्षीत भरून बसते, आणि चारही चाकं गुळगुळीत होतात. तिथे लॉकर लावला की एकाऐवजी दोन चाकं खणायला लागतात आणि गाडी एक्सलच्या हाउसिंगवर बसते. तशा रानात टायरची हवा कमी करा, फावडं काढा, नाहीतर वाफसा येईपर्यंत गाडी बांधावरच ठेवा. लॉकर महिनोन् महिने वापरला नाही तर मोकळ्या मातीच्या मैदानात महिन्यातून एकदा तरी लावून-सोडून घ्या, म्हणजे ओ-रिंग चिकटत नाहीत आणि वायर, रिले, व्हॉल्व्ह यांचीही त्यात तपासणी होऊन जाते.